विश्लेषण : प्लूटो सापडण्याच्या १९ वर्षे आधी ‘ब्रह्मा’ ग्रहाचे गणित… बागलकोटचे केतकर मास्तर कोण होते?

दौंड-मनमाड मार्गावरच्या राहुरी स्थानकात शनिवारी, त्यातही शनि अमावास्येला, उतरणाऱ्यांपैकी अनेकांना पुढे शिंगणापूर गाठायचे असते. साडेसाती कधी लागली आणि कधी सुटणार, हे त्यांच्यापैकी बहुतेकांनी पंचांगात पाहिलेले असते. ती तारीख पंचांगात कोणत्या हिशेबाने येते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. आज मराठी घरांतल्या बहुतेक पंचांगांत हा हिशेब ज्या पद्धतीने होतो, तिचा आग्रह सव्वाशे वर्षांपूर्वी एका शाळामास्तरांनी धरला होता. त्यांचे नाव व्यंकटेश बापूजी केतकर. याच केतकरांनी १९११ मध्ये नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत असे मांडले आणि त्यांना ‘ब्रह्मा’ व ‘विष्णु’ अशी नावे दिली. समाजमाध्यमांवर ‘प्लूटोचा खरा शोध भारतीयाने लावला’ असा मजकूर अधूनमधून फिरतो, तो यांच्याविषयी. त्यात खरे किती, हे समजायचे तर थोडे गुरुत्वाकर्षणाचे गणितही पाहावे लागते.

केतकर कोण होते?

केतकरांचा जन्म जानेवारी १८५४ मध्ये नरगुंद येथे झाला. नरगुंद आज कर्नाटकात आहे. तेव्हा ते भावे घराण्याचे छोटे संस्थान होते. १८५८ मध्ये संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, त्यांना फाशी झाली आणि संस्थान खालसा झाले. तेव्हा केतकर चार वर्षांचे होते. वडील बापूशास्त्री स्वतः ज्योतिषी होते, त्यामुळे ग्रहगणिताची परंपरा घरातच होती. पुढे इंग्रजी शिक्षण झाले, शिक्षण खात्यात नोकरी लागली आणि आयुष्याचा मोठा भाग तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील विजापूर जिल्ह्यात, बागलकोटच्या इंग्रजी शाळेत शिकवण्यात गेला. वेधशाळा हाताशी नव्हती, विद्यापीठातील पद नव्हते. होते ते संस्कृत, इंग्रजी, युरोपातून येणारी कोष्टके आणि आकडेमोडीची अफाट चिकाटी.

‘ज्योतिर्गणितम्’ हा त्यांचा मोठा ग्रंथ १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याशिवाय ‘केतकी ग्रहगणितम्’ आणि ‘वैजयंती’ हे संस्कृत ग्रंथ, मराठीत ‘नक्षत्रविज्ञान’, आणि १९२३ मध्ये इंग्रजीत भारतीय व परदेशी कालगणनेवरचा ग्रंथ. आधुनिक ग्रहगणित संस्कृत श्लोकांत बसवण्याचा खटाटोप आज विचित्र वाटेल. पण पंचांग करणारे जोशी संस्कृतच वाचत होते. त्यांच्यापर्यंत पोहोचायचा रस्ता तोच होता.

पंचांगाचे काय बिघडले होते?

महाराष्ट्रात त्या काळी बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वरून होत. हा ग्रंथ १५२० चा. त्याची खुबी अशी की त्यात ज्या-कोज्यांची कोष्टके न वापरता सोप्या गुणाकार-भागाकारांवर काम भागते. म्हणूनच तो खेडोपाडी टिकला. पण साडेतीनशे वर्षांत बारीक चुका साचत गेल्या आणि पंचांगातला ग्रह एकीकडे, आकाशातला दुसरीकडे, असे होऊ लागले. केरूनाना छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ काढून ही दुरुस्ती सुरू केली होती. केतकर त्याच वाटेने पुढे गेले.

सगळ्यात मोठी अडचण चंद्राची. जुन्या गणितात चंद्राच्या मध्यम स्थानाला एकच मुख्य संस्कार देत; तो जास्तीत जास्त पाच अंशांच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेला तो जवळजवळ बरोबर बसे, त्यामुळे ग्रहणे फारशी चुकत नसत आणि कोणाला शंका येत नसे. अष्टमीच्या सुमाराला मात्र चंद्र दोन अंशांहूनही अधिक मागे-पुढे सापडे. एक अंश म्हणजे तिथीत जवळपास दोन तास. याचे कारण सूर्य. सूर्य चंद्राला पृथ्वीपेक्षा जवळजवळ सव्वादोन पट जोराने ओढतो! तरी चंद्र निसटत नाही, कारण सूर्य पृथ्वीलाही जवळपास तसाच ओढतो. महत्त्व उरते ते या दोन ओढींमधल्या फरकाला, आणि तो फरक चंद्र कोणत्या दिशेला आहे त्यावर बदलतो. केतकरांनी चंद्राला एका संस्काराऐवजी असे अनेक संस्कार दिले.

त्यातून वाद पेटला. परंपरेनुसार तिथी फार तर ६५ घटिका वाढते आणि ५४ घटिकांपर्यंत घटते. ‘बाणवृद्धि रसक्षय’ असे तिचे सूत्रच होते. नव्या गणितात तिथी सुमारे २० तासांपासून पावणेसत्तावीस तासांपर्यंत बदलू लागली. म्हणजे काही एकादश्या, काही श्राद्धतिथी सरकणार. धर्मकृत्याला आकाशातला चंद्र प्रमाण की ग्रंथातला, हा प्रश्न तेव्हा घराघरांत भांडणाचा होता. केतकरांचे उत्तर आकाशाच्या बाजूने होते.

साडेसातीशी त्यांचा संबंध काय?

दुसरा वाद राशिचक्र कोठून मोजायचे याचा. छत्रे आणि त्यांच्यामागून लोकमान्य टिळक रेवतीतील एका तारकेपासून मोजण्याच्या बाजूचे. केतकरांनी चित्रा तारका प्रमाण मानून तिच्या बरोबर समोरचा बिंदू आरंभस्थान धरला. दोन पक्षांत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. सूर्य चार अंश चार दिवसांत चालतो, म्हणून टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास आणि इतरांची १४-१५ जानेवारीला. शनीला साऱ्या राशिचक्राला साडेएकोणतीस वर्षे लागतात. तो वर्षाला सरासरी १२ अंश सरकतो. तेव्हा चार अंशांसाठी त्याला चार महिने लागतात. एका पंचांगाने साडेसाती सुटली आणि दुसऱ्याने अजून चार महिने आहे, असे होऊ शकते ते यामुळे. शनी आपल्या जागी असतो, आपण पट्टी कोठे ठेवली एवढाच प्रश्न. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीनेही चित्रापक्षाच्या जवळचेच मूल्य घेतले. सोलापूरचे दाते पंचांगही याच पक्षाचे.

गुरुत्वाकर्षण ‘दोन दिशांत’ मोजायचे म्हणजे काय?

उसाच्या हंगामात राहुरीच्या काळ्या रानात भरलेली ट्रॉली रुतते, तेव्हा कधी कधी दोन ट्रॅक्टर लावावे लागतात. दोन्ही सारख्या ताकदीचे आणि एकाच रेषेत ओढत असतील तर ओढ दुप्पट. पण एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोन साखळ्यांत ६० अंशांचा कोन असेल तर ओढ दुप्पट होत नाही, १.७३ पट होते. कोन १२० अंशांचा झाला तर दोन ट्रॅक्टर मिळून एकाच ट्रॅक्टरचे काम करतात. डिझेल मात्र दोघांचे जळते. ओढीला नुसता आकडा पुरत नाही, दिशाही लागते. अशा राशीला सदिश म्हणतात. बेरीज करताना प्रत्येक ओढीचे दोन तुकडे करायचे, एक समोरचा आणि एक बाजूचा. समोरचे समोरच्यात, बाजूचे बाजूच्यात मिळवायचे. अकरावीचा विद्यार्थी हेच करतो. भारतीय ज्योतिषात भुज आणि कोटी या नावांनी हे दोन तुकडे शतकानुशतके वापरात होते. केतकरांच्या हाताला ते बालपणापासून सवयीचे असणार.

ग्रहांच्या बाबतीत सोय अशी की मोठे ग्रह सूर्याभोवती जवळजवळ एकाच पातळीत फिरतात. त्यामुळे पहिल्या अंदाजाला कागदाची सपाट बाजू, म्हणजे दोनच मिती पुरतात.

एक उदाहरण घेऊ. पृथ्वी-सूर्य अंतराला एक एकक म्हटले, तर युरेनस सूर्यापासून १९.२ आणि नेपच्यून ३०.१ एकक दूर आहे. नेपच्यूनचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १९,४०० वा भाग. न्यूटनचा नियम सांगतो की ओढ वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. सूर्याची युरेनसवरची ओढ एक लाख मापे धरू. नेपच्यून युरेनसच्या बरोबर पलीकडे, एका रेषेत असेल, तर त्याची ओढ १६ मापे भरते. आता नेपच्यून ३० अंश पुढे आहे असे समजा. सूर्य-युरेनस रेषेच्या दिशेने तो युरेनसपेक्षा ६.९ एकक पलीकडे आणि बाजूला १५ एकक पुढे असतो. पायथागोरसने दोघांमधले अंतर साडेसोळा एकक. ओढ सुमारे सात मापे. तिचे तुकडे पाडले की सूर्यापासून दूर नेणारी ओढ २.९ आणि युरेनसच्या चालीच्या दिशेने पुढे खेचणारी ६.३ मापे मिळते. (नेपच्यून सूर्यालाही किंचित ओढतो, सूर्यावरून मोजताना तो भाग वजा करावा लागतो. येथे तो सोडला आहे.)

एक लाखात सहा म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण ही ओढ वर्षानुवर्षे एकाच बाजूने लागत राहते. १८२२ च्या सुमारास युरेनस नेपच्यूनला मागे टाकून पुढे गेला. त्याआधी नेपच्यून पुढे होता, तेव्हा युरेनस अपेक्षेपेक्षा भरभर चालला. नंतर नेपच्यून मागे पडला आणि युरेनस रेंगाळला. या घाई-दिरंगाईवरून फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी उलटे गणित केले. परिणाम ठाऊक, ओढणारा कोठे आहे ते काढायचे. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांनी दुर्बीण लावली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. त्या गणिताची जगभर वाहवा झाली, आणि पुढच्या दोन पिढ्यांना पलीकडचा ग्रह शोधण्याचा ध्यास लागला. केतकर त्याच पिढीतले.

केतकरांनी १९११ मध्ये नेमके काय मांडले?

अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल ल व्हेरिए यांच्याच वाटेने निघाले होते. युरेनसच्या चालीतून सगळ्या ज्ञात ग्रहांच्या ओढी वजा करायच्या आणि जी उरेल ती अज्ञात ग्रहाची. त्यासाठी त्यांच्याकडे वेधशाळा होती, पैसा होता, गणकांचा ताफा होता. बागलकोटच्या मास्तरांकडे यातले काहीच नव्हते. त्यांनी दुसरी वाट धरली, लाप्लासची.

गुरूचे तीन चंद्र, आयो, युरोपा आणि गॅनिमीड, गुरूभोवती १.७७, ३.५५ आणि ७.१५ दिवसांत फिरतात. म्हणजे जवळजवळ एक, दोन, चार. अठराव्या शतकात लाप्लास यांनी दाखवले की हा योगायोग नाही. पहिल्याच्या रोजच्या गतीत तिसऱ्याची दुप्पट गती मिळवली तर बरोबर दुसऱ्याची तिप्पट गती येते. ताळा करून पाहता येतो: रोज २०३.५, १०१.४ आणि ५०.३ अंश. दोन चंद्रांची गाठ दर वेळी वेगळ्या जागी पडली असती तर त्यांच्या परस्पर ओढी कधी या दिशेला, कधी त्या दिशेला लागल्या असत्या आणि बेरजेत एकमेकींना खाऊन टाकल्या असत्या. येथे गाठ ठरावीक जागी पडते, ओढ ठरावीक दिशेला लागते, आणि झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेल्या हलक्या धक्क्यांसारखी ती साठत जाते. एखादा चंद्र किंचित चुकला तर हीच साठलेली ओढ त्याला पुन्हा जागेवर आणते.

सूर्यमालेच्या बाहेरच्या टोकालाही असेच बांधलेले त्रिकूट असले पाहिजे, असा केतकरांचा तर्क होता. युरेनसला सूर्याभोवती ८४ वर्षे लागतात, नेपच्यूनला सुमारे १६५. जवळपास दुप्पट. मग तिसरा कोण? फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत १९११ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात ‘ब्रह्मा’ सूर्यापासून ३८.९५ एकक दूर, २४२.२८ वर्षांत फेरी करणारा. आणि ‘विष्णु’ ५९.५७३ एकक दूर, सुमारे ४६० वर्षांचा.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ यांना छायाचित्रांच्या काचांवर एक ठिपका सरकलेला दिसला. तो प्लूटो. सरासरी अंतर ३९.५ एकक, प्रदक्षिणेचा काळ २४८ वर्षे. केतकर तेव्हा ७६ वर्षांचे होते आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विजापूर येथे त्यांचे निधन झाले.

मग प्लूटोचे श्रेय त्यांचे का?

अंतरातला फरक दीड टक्क्याचा, काळातला अडीच टक्क्यांचा. हे आकडे पाहून अभिमान वाटणे साहजिक आहे. तरीही शोधाचे श्रेय केतकरांना देता येत नाही. त्यांनी सरासरी अंतर आणि काळ सांगितला. ग्रह आकाशात कोणत्या दिशेला आहे हे सांगितले नाही. ल व्हेरिए यांच्या पत्रावरून दुर्बीण रोखता आली, केतकरांच्या लेखावरून ती रोखता येत नव्हती. ‘विष्णु’च्या जागी त्या वर्णनाचा ग्रह आजवर मिळालेला नाही. आणि प्लूटो युरेनस-नेपच्यूनबरोबर लाप्लासच्या तिहेरी नियमात बांधलेलाही नाही. त्याचे नाते एकट्या नेपच्यूनशी आहे: नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या दोन.

पण गंमत पुढेच आहे. ज्यांना श्रेय मिळाले त्या लॉवेल यांचे गणित तरी बरोबर होते का? त्यांना हवा असलेला ग्रह पृथ्वीच्या सुमारे सातपट जड होता. १९७८ मध्ये प्लूटोचा चंद्र शॅरन सापडला, त्यावरून प्लूटोचे वजन निघाले, आणि ते पृथ्वीच्या जेमतेम साडेचारशेव्या भागाएवढे भरले. आपल्या मघाच्या मापांत पाहा. प्लूटो युरेनसच्या बरोबर समोर ३९ एककांवर आला, तरी त्याची ओढ एक लाखात ०.०००६ मापे. नेपच्यूनच्या १६ मापांसमोर पंचवीस हजारावा भाग. एवढ्याने युरेनसची चाल बिघडली असती तरी त्या काळच्या दुर्बिणींना कळले नसते. मग लॉवेल यांना उरलेली ओढ दिसली ती कोठून? १९८९ मध्ये व्हॉयेजर-२ नेपच्यूनजवळून गेले आणि नेपच्यूनचे वस्तुमान सुमारे अर्ध्या टक्क्याने चुकीचे धरले गेल्याचे कळले. ते सुधारून १९९३ मध्ये पुन्हा हिशेब केला तेव्हा युरेनसच्या चालीतली गडबड नाहीशीच झाली. वजा करायची रक्कमच चुकीची होती, म्हणून बाकी उरत होती. प्लूटो त्यांनी सांगितलेल्या दिशेला सापडला हा निव्वळ योगायोग, आणि टॉमबॉ यांनी काच न् काच तपासण्यात दाखवलेल्या चिकाटीचे फळ.

केतकरांचे आकडे जुळले त्यातही योगायोगाचा वाटा मोठा आहे. मात्र त्यांची मूळ कल्पना, की बाहेरच्या ग्रहांचे काळ एकमेकांच्या ओढीने साध्या प्रमाणांत बांधले गेलेले असावेत, ही पोकळ नव्हती. नेपच्यून आणि प्लूटो यांचे ३:२ हे नाते १९६० च्या दशकात संगणकाने कक्षा पुढे चालवून पाहिल्यावर उघड झाले. प्लूटोची कक्षा नेपच्यूनच्या कक्षेच्या आत शिरते, तरी टक्कर होत नाही, ती याच बंधनामुळे. १९९२ नंतर त्या भागात शेकडो लहान पिंड सापडले आणि त्यांतले बरेच नेपच्यूनशी याच ३:२ च्या प्रमाणात फिरताना आढळले. त्यांना ‘प्लुटिनो’ म्हणतात. याच गर्दीमुळे २००६ मध्ये प्लूटोचे ग्रहपद गेले आणि तो बटुग्रह ठरला.

सापडल्यापासून प्लूटोची सूर्याभोवती अजून अर्धी फेरीही झालेली नाही. १९३० मधल्या जागी तो परतेल २१७८ मध्ये. केतकरांच्या ‘ब्रह्मा’ने तेथूनच सुरुवात केली असती, तर तो सहा वर्षे आधी, २१७२ मध्येच पोहोचला असता.